लग्नसराई सरेपर्यंत

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कचेरीतल्या कारकुनाची मी मुलगी; बुलढाण्याला शाळेत गेले, चार पुस्तकं शिकले. अमावस्येला लिंबू ओलांडायला मी कधी भ्यायले नाही. पण बाई येतात. दुपारी घरात सामसूम झाली, सुना आपापल्या खोल्यांत आडव्या झाल्या, की माझ्या खाटेच्या पायथ्याशी कुणीतरी टेकल्यासारखं वाटतं, आणि मान वळवून न बघताच मला ठाऊक असतं की त्यांचा एक हात पोटावर असणार. मी विचारते, "बाई, आता काय राहिलं?" त्या बोलत नाहीत. जिवंतपणी तरी कुठे फार बोलायच्या! सुना म्हणतात, म्हातारीला भ्रम झाला. म्हणू देत. त्यांनी बाईंना पाहिलेलं नाही.

बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन वरवट बकालला आले तेव्हा लढाईचे दिवस होते. रॉकेल मिळायचं नाही, लुगड्यासाठी रांगा. पण आमच्या घरी शेतं भरपूर, कपाशी नांदुऱ्याला जायची, त्यामुळे पोटाला काही कमी नव्हतं. कमी होती ती बोलण्याची. घरात एकच तोंड चालायचं, सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. नवऱ्याने बायकोशी दिवसाउजेडी बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, बाईंना काही सांगायचं झालं तर आईला सांगायचे, "तिले म्हणा, उद्या वावरात भाकरी लवकर पाठवाव लागते." आणि ती तिथेच, चुलीपाशी, दोन हातांवर बसलेली असायची! आत्याबाई मान वळवून तेच पुन्हा सांगायच्या, आणि बाईंनी ते जणू पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायची. पहिल्या दिवशी मला हसू फुटलं. बाईंनी मला पदराआडून असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

त्या दुसरबीडकडच्या. तिकडची बोली निजामाच्या मुलखातल्या जालन्याच्या अंगाने जाते. आमच्याकडे 'मले-तुले', त्यांच्या तोंडी 'मला-तुला'. आत्याबाई त्यांना चिडवायच्या, "आली मोगलाईतली!" मी शहरातून आलेली, मला भाकरी थापता येईना. बाईंनी शिकवलं, माझ्या कच्च्या भाकरी स्वतःच्या ताटात घेतल्या आणि कुणाला कळू दिलं नाही. मला सख्खी बहीण नव्हती. ती मला तिथे मिळाली.

त्यांना मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि गावाने त्यांना वांझ ठरवून टाकलं होतं. मग एका वर्षी त्यांचं पोट यायला लागलं. आत्याबाई हरखल्या, पण सुईणीने पोट चाचपलं आणि हात मागे घेतला. म्हणाली, "हे लेकरू नोहे, बाई. हे दुसरं काही आहे." काढे झाले, अंगारे झाले. एक दिवस जात्यावर बसल्या बसल्या बाई दुमडल्या आणि ओरडल्या. त्या बाईला ओरडताना कुणी कधी ऐकलं नव्हतं. भासऱ्यांनी त्याच पावली बैलगाडी जुंपली, नांदुरा गाठलं आणि रेल्वेने एका मोठ्या गावच्या बायकांच्या दवाखान्यात नेलं. मलाही नेलं, कारण डॉक्टरणीशी बायकांचं दुखणं बोलायला पुरुषाची जीभ उचलत नव्हती, आणि बरोबर आलेल्या आत्याबाईंचं बोलणं डॉक्टरणीला कळलं नसतं.

डॉक्टरीणबाई देशावरच्या. नऊवारी, वर पांढरा डगला, आणि बोलणं सुरीसारखं. त्यांनी तपासून सांगितलं की बीजकोशाला, म्हणजे बाईच्या पोटात दोन बाजूंना दोन असतात त्यांतल्या एकाला, गाठ आली आहे आणि तिला पीळ पडला आहे. आजच्या आज पोट उघडायला हवं. बाईंना भूल देऊन आत नेलं. आम्ही ओसरीवर बसलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. डॉक्टरीणबाई तोंडावरचा कपडा खाली ओढून बाहेर आल्या, मागे नर्स, तिच्या हातात तामचिनीचं घमेलं. त्यात ती गाठ. नुकत्या जन्मलेल्या पोराच्या डोक्याएवढी, गुळगुळीत, निळसर शिरा असलेली. मी बघायला नको होतं. ती अजून दिसते.

"गाठ अख्खी निघाली, फुटली नाही," त्या म्हणाल्या. "पण हिची जात मला चांगली दिसत नाही. दुसऱ्या बाजूचा बीजकोश वरून ठीक आहे. तरी तो काढावा असं मला वाटतं. काढला तर मूल होणार नाही. पेशंट टेबलावर आहे, लवकर सांगा."

भासऱ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. मग म्हणाले, "आई म्हणते तसं."

आत्याबाईंनी हात जोडले. "एक राहू द्या, माय. निदान एक तं राहू द्या. तिच्या कपाळी काही तं राहू द्या."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडेही पाहिलं. मी धाकटी सून, माझं कोण ऐकतं? त्या आत गेल्या आणि दार लागलं. त्या दाराच्या पलीकडे जिचं पोट उघडं होतं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारता आलंही नसतं, ती भुलीत होती. आम्हाला सगळ्यांना वाटलं की आपण तिच्या भल्याचंच केलं.

बाई बऱ्या झाल्या. चांगल्या भरल्या, रंग आला, पुन्हा पाण्याची घागर डोक्यावर घ्यायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी दर तीन महिन्यांनी दाखवायला या म्हणून बजावलं होतं; एकदा गेलो, मग पेरणी आली, मग वेचणी. दुखत नाही तर जायचं कशाला, असं सगळ्यांचंच मत. रोग गेला तर वैद्य कशाला!

तुळशीचं लग्न झालं आणि घरात कुजबुज सुरू झाली. आत्याबाईंच्या भाच्याची एक मुलगी होती, उपवर. घरातलीच, ओळखीची, भासऱ्यांना दुसरेपणावर द्यायला भाचा तयार होता, कारण आत्या म्हणजे घरचंच माणूस. तेव्हा दुसरी बायको करायला कायदा आडवा येत नव्हता आणि लोकांनाही त्यात वावगं वाटत नसे. भाचा दोनदा येऊन गेला. बाईंनी त्याला पाट दिला, पुरणाची पोळी वाढली, वर तूप वाढलं. मी स्वयंपाकघरात दात-ओठ खात होते. त्या म्हणाल्या, "पाहुण्यावर काहून राग काढती? त्याच्या पोरीला मी थोडीच वाढू राहिले."

पौष लागला आणि बाई बाहेर बसेनाशा झाल्या. ज्यांनी ती रीत पाहिली नाही त्यांना सांगते. महिन्याची अडचण आली की बाई घराबाहेर, मागच्या पडवीत वेगळी बसायची. तिचं ताट वेगळं, कांबळं वेगळं. त्यामुळे कोणती बाई कधी बाहेर बसली आणि कधी बसली नाही हे अख्ख्या घरालाच काय, गल्लीलाही माहीत असायचं. पौषात त्या बसल्या नाहीत. माघातही नाही. आत्याबाईंचे डोळे त्यांच्या मागे मागे फिरायला लागले. फाल्गुनात त्यांचं पोट जरा पुढे दिसलं, आणि आत्याबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

चोरओटी भरायचं ठरलं. दिवस गेलेल्या बाईची पहिली ओटी तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात, फार बोभाटा करत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. घरातल्याच चारजणी होतो. बाई पाटावर बसल्या. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. आत्याबाई रडत होत्या. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "एक राखलं होतं देवानं," म्हणाल्या, "मी सांगितलं होतं त्या डाक्टरणीले." बाईंनी पदर पसरला होता आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात आनंद नव्हता. मला वाटलं, इतक्या वर्षांनी झालं म्हणून भेदरल्या असतील. त्या दिवसापासून भाच्याच्या मुलीचं नाव घरात निघालं नाही.

पुढचे दोन महिने मला आजही नकोसे वाटतात. पोट वाढत होतं ते भलत्याच वेगाने. हात मात्र काड्या झाले, गाल बसले, गळ्याची हाडं वर आली. दोन घास खाल्ले की पोट गच्च. आत्याबाई म्हणायच्या, डोहाळे आहेत. पोट फारच मोठं दिसायला लागलं तेव्हा म्हणाल्या, जुळं असंल. दारात येणारी प्रत्येक बाई त्या पोटाकडे बघून आशीर्वाद द्यायची आणि जाताना एकदा वळून बघायची. बाई एक हात पोटावर ठेवून बसायच्या. पोटुशी बाई ठेवते तसा नाही. दार दाबून धरावं तसा.

एके दुपारी मी गोठ्यामागे गेले, सरपणाला कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या आणायला. पऱ्हाट्यांच्या राशीमागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी, जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या चिंध्या वाळत घातल्या होत्या. त्यांवरचा डाग पुरता गेला नव्हता. मी त्या चिंध्या ओळखल्या. ते लुगडं बाईंचं होतं.

मी तशीच घरात आले आणि त्यांच्यापुढे बसले. आत्याबाई झोपल्या होत्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी माझं तोंड बघितलं.

"दिसलं का तुला?" त्या म्हणाल्या.

"बाई, हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. थांबलं कधी नव्हतंच. थोडं थोडं चालूच असतं." मग हलकेच म्हणाल्या, "मी तशीच देवघरात जाती. तसाच सैपाक करती. सगळ्यांना इटाळात जेवू घातलं मी."

माझी पाचावर धारण बसली. विटाळाने नव्हे. त्या घरात ती गोष्ट खुनाहून मोठी होती, आणि ही भित्री बाई ती महिनोन्‌महिने करत होती. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? हे मूल नाही हे?"

"पहिली गाठ मीच पोटात वागवली ना? अशीच आलती ती. याच चालीनं. मला पहिल्या दिवशीच कळलं."

"मग काऊन नाही सांगितलं? आत्ताच्या आत्ता डॉक्टरणीकडे जाऊ. चला, उठा."

त्यांनी माझा हात धरला. हाडं नुसती, पण पकड घट्ट. "सांगितलं तर उद्या ती पोरगी हळद लावून दारात उभी राहते. पोट आहे तोवर माझं घर आहे. ऐक. ते लोक वाट पाहून पाहून थकतील, या लग्नसराईत दुसरीकडं उजवतील तिला. दुसरं कोण देतंय पोरगी दुसरेपणावर? ती एकदा उजवली की मी सोता म्हणीन, न्या मला. तवर गप राहायचं. माझ्या गळ्याची आण आहे तुला."

"तवर जगाल का?" मी आवाज दाबूनच ओरडले.

"सवतीची धुणी धुत जगण्यापरीस हे बरं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मी त्या हसण्याला कधीच माफ केलं नाही.

आण घातली होती म्हणून चिंध्यांचं मी कुणाला सांगितलं नाही, पण गप्प मात्र बसले नाही. तो माझा स्वभावच नाही. मी नवऱ्याला म्हटलं, वहिनीचं लक्षण ठीक नाही, दाखवून आणा. ते म्हणाले, बायकांच्या गोष्टी आईले इचार. मी आत्याबाईंना विचारलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काऊन वं? तिचं भरलेलं पोट तुले देखवत नाही का?" भासऱ्यांशी मी बोलू शकत नव्हते, मोठ्या दिरापुढे धाकटीने पदर खाली ओढून बाजूला व्हायचं, एवढीच आमची ओळख. तेही हल्ली खांबाला टेकून बायकोकडे चोरून बघत, आणि मी आले की बाहेर जात. मला त्यांचाही संताप यायचा.

वैशाख आला. रोज कुठल्या ना कुठल्या गावाहून वाजंत्री ऐकू यायची आणि बाई कान देऊन बसायच्या. प्रत्येक पाहुण्याला त्या सहज विचारल्यासारखं विचारत, कोणाकोणाची लग्नं निघाली यंदा? मला ते ऐकवत नसे. एका बाजूने लग्नाच्या तिथी चालल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूने ती गाठ, आणि ही बाई मधे बसून बघत होती की आधी कोण पोचतं.

जेठात अक्षत आली. भाच्याची मुलगी खामगावकडे दिली होती. बाईंनी अक्षतीचे तांदूळ हातात घेतले, कपाळाला लावले, आणि त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी अख्खी भाकरी मागून घेतली. अर्धीच खाल्ली गेली. लग्न लागल्याची बातमी आली तशी दुसऱ्या दिवशी सकाळी, आत्याबाई समोर असताना, पदर सावरून, त्या थेट भासऱ्यांकडे बघून बोलल्या. साऱ्या आयुष्यात पहिल्यांदा.

"मला दवाखान्यात न्या. हे लेकरू नाही."

आत्याबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर बोटं ठेवली आणि त्यांचा चेहरा दगड झाला. मग त्या आमच्यावर बरसल्या. इतके दिवस काय करत होता? डोळे नव्हते का घरात कुणाला? आत्याबाई पुटपुटल्या, "आम्ही तं ओटी भरली, माय." डॉक्टरीणबाईंनी ते ऐकलं आणि त्यांचा राग एकदम ओसरला. त्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, कर्करोग आहे. राखलेल्या बीजकोशात उठला आहे की पहिल्याचंच बी आत राहून गेलं होतं, हे उघडल्याशिवाय सांगता येणार नाही, कदाचित उघडूनही नाही. पोटात पाणी झालं आहे. ऑपरेशन केलं तर थोडे दिवस सुखाचे मिळतील. टेबलावरच जीव जाण्याचीही भीती आहे. मग त्या माझ्याकडे किंवा भासऱ्यांकडे न बघता बाईंच्या उशाशी गेल्या. "तुम्ही सांगा. काय करू?"

"काढा," बाई म्हणाल्या. "जे हाताला लागंल ते काढा. मागच्या बारीला मला कोणी इचारलंच नव्हतं."

"घरच्यांना विचारलं होतं."

"पोट माझं होतं ना, बाई?"

माझ्या मनात त्या दिवसापासून ते वाक्य रुतून बसलं आहे. आम्ही जे तिच्यासाठी म्हणून राखलं होतं ते तिला हवं होतं की नाही, हे आजही मला माहीत नाही.

पाणी बादलीभर निघालं. राहिलेला बीजकोश, गर्भाशय, आतड्यावरचा चरबीचा पडदा, तो सगळा खड्यांनी भरल्यासारखा झाला होता, तो काढला. आतड्याला जे चिकटलं होतं ते काढता आलं नाही. ओढलं असतं तर आतडं फाटलं असतं. "शिवून घेतलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुंबईला किरणांचा उपचार आहे, पण तिथवर ती पोचेल असं मला वाटत नाही. दिवाळी बघेल की नाही सांगवत नाही." या वेळी घमेलं दाखवायला कुणी आणलं नाही.

हे ऐकून आत्याबाई देवळात गेल्या. ओसरीवर मी आणि भासरे, मधे बरंच अंतर. मी पदर खाली ओढून खांबाआड उभी होते. आणि ते बोलले. माझ्याकडे तोंड न करता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं.

"तिनं काऊन लपवलं? तुमाले तं सांगितलं असंल."

मोठे दीर मला 'तुमाले' म्हणाले. भीती होती, पण राग त्याहून मोठा होता. आण गेली चुलीत. मी खांबाआडूनच सगळं सांगितलं, चिंध्या, लग्नसराई, सवत, सगळं. मग त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"मी तं पौषातच नाही म्हणून सांगितलं होतं," ते म्हणाले. "मले दुसरी करायचीच नव्हती. तिच्यासंग रातीही बोलाची सवय नाही, म्हणून मायले म्हटलं होतं, तिले सांगून दे, घोर करू नको म्हणा. माय म्हणे हो." मग विचारलं, "मायनं सांगितलं नाही का?"

नव्हतं सांगितलं. लेकाचं मन वळेल अशी म्हातारीला आशा होती, आणि मग ओटी भरल्यावर सांगायचं कारणच उरलं नाही. बाई आणि भासरे एका घरात राहत होते, एकाच चुलीचं खात होते. पौषापासून जेठापर्यंत. भासरे भिंतीकडे बघत रडत होते, आवाज न करता.

आतून नर्सने हाक मारली. बाई शुद्धीवर आल्या होत्या. पोट सपाट झालं होतं. चादरीखाली काही आहे की नाही कळू नये इतकं. ओठ कोरडे. मी कापसाने पाणी लावलं. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि मग दाराकडे बघितलं, तिथे भासऱ्यांची सावली पडली होती.

"ते हाइत ना बाहेर?"

"हो. तिथंच आहेत."

त्या हसल्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला खाली वाकायची खूण केली, आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाल्या, "पाहिलं का? नाही येऊ दिली मी सवत. जितली ना मी?"

मी त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"हो बाई," मी म्हणाले, "जितल्या तुम्ही."